घरगुती संगीतश्रवण आणि ॲम्प्लिफायरचे वर्ग : एक ऐतिहासिक विवेचन

ध्वनिमुद्रित संगीत ऐकणाऱ्यांच्या चर्चेत ॲम्प्लिफायरचा ‘ए’ वर्ग श्रेष्ठ, ‘बी’ दुय्यम आणि ‘डी’ कनिष्ठ अशी उतरंड पुष्कळदा गृहीत धरली जाते. वस्तुतः ही अक्षरे परीक्षेतील श्रेणींसारखी नाहीत. स्पीकरला प्रवाह पुरविणारा व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर ‘ए’ वर्गात संपूर्ण तरंगभर कार्यरत असतो, ‘बी’ वर्गात अर्ध्या तरंगापुरता, तर ‘एबी’मध्ये अर्ध्याहून काहीसा अधिक. ‘डी’ वर्गात तो केवळ अतिवेगाने चालू-बंद होत राहतो. (‘डी’ म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे, ते निव्वळ पुढचे अक्षर होय.) मग ही उतरंड निर्माण कशी झाली? तिचे उत्तर प्रामुख्याने १९६० च्या दशकातील ब्रिटनमध्ये सापडते.

१९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यम्सन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात सुमारे १५ वॅट शक्तीच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील विकृतीचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास होते व पुढे दीर्घकाळ तो मानदंड ठरला. त्यानंतर ट्रान्झिस्टर आले. अवजड निर्गम ट्रान्सफॉर्मरची गरज संपली. उष्णता व किंमत दोन्ही घटली. बहुतेक रचना ‘बी’ वर्गाच्या होत्या. त्यांत तरंगाचा धन अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि ऋण अर्धा भाग दुसरा हाताळतो. हे हस्तांतर शून्यापाशी होते आणि तेथेच तरंगाला मुरड पडते. निगेटिव्ह फीडबॅकही नेमका त्याच क्षणी दुबळा पडतो. शिवाय हे दोष टाळण्यासाठी ठरवून दिलेला अल्प प्रवाह तापमानाबरोबर बदलत असे.

येथे मापनाचा प्रश्न निर्णायक ठरतो. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये आवाज कमी केला की विकृतीही सामान्यतः कमी होते. हस्तांतराची मुरड मात्र आवाजाबरोबर त्या प्रमाणात लहान होत नाही. परिणामी मंद आवाजात तिचे सापेक्ष प्रमाण वाढते. माहितीपत्रकात आकडा बहुधा पूर्ण शक्तीचा दिलेला असे, आणि घरात ऐकणे मात्र पुष्कळदा एक-दोन वॅटच्या आतच होते. म्हणजे श्रोत्यांची कर्कशपणाची तक्रार कल्पनाविलास म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. चुकीच्या ठिकाणी घेतलेले माप अचूक असूनही फसवे ठरले.

१९६९ मध्ये जॉन लिन्सले हूड यांनी त्याच नियतकालिकात चार ट्रान्झिस्टरांचा साधा ‘ए’ वर्गीय आराखडा मांडला. त्यात हस्तांतरच नव्हते. शक्ती सुमारे १० वॅट. मात्र संगीत वाजो वा न वाजो, प्रत्येक चॅनेलमागे सुमारे ३० वॅट खर्च होत. यावरून ‘ए’ वर्गाचे अंगभूत श्रेष्ठत्व सिद्ध होते असे मानणे घाईचे ठरेल. सिद्ध होते ते एवढेच की, तत्कालीन ‘बी’ वर्गीय रचनांतील दोष खरा होता. शिवाय १९५४ नंतर रूढ होत गेलेल्या लहान, बंदिस्त पेटीच्या स्पीकरांना अधिक शक्ती लागे, आणि ‘ए’ वर्गाची कार्यक्षमता तत्त्वतःदेखील ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. १०० वॅटचा तसा ॲम्प्लिफायर म्हणजे दिवाणखान्यातील शेगडीच.

पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९७५ मध्ये आणलेला ‘क्वाड ४०५’ हा वर्गविचारालाच छेद देणारा होता. त्यात ‘ए’ वर्गाचा लहान ॲम्प्लिफायर अचूकता सांभाळतो आणि विश्रांत प्रवाह नसलेले मोठे ट्रान्झिस्टर केवळ भार वाहतात. दर चॅनेलला १०० वॅट मिळत, तरी विश्रांत प्रवाह जुळविण्याची गरज नव्हती. त्याला कोणते एक अक्षर द्यावे?

‘डी’ वर्गाची अपकीर्तीही अशीच घटकांमुळे झाली. १९६४ च्या ‘सिंक्लेअर एक्स-१०’ या संचासाठी तत्कालीन ट्रान्झिस्टर पुरेसे वेगवान नव्हते. १९७७ मध्ये सोनीने ‘टीए-एन८८’ मध्ये व्ही-फेट वापरले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी फिलिप्समध्ये ब्रूनो पुट्झेस यांनी फीडबॅक निर्गम फिल्टरच्या पलीकडून घेतला, त्यामुळे स्पीकर बदलला तरी ध्वनी फारसा बदलेनासा झाला. दोन स्विच एकाच वेळी चालू होऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ठेवावा लागणारा काही नॅनोसेकंदांचा अवधी मात्र याही वर्गात विकृतीचे एक कारण ठरतो; ‘बी’ वर्गातील हस्तांतराचा प्रश्न येथे निराळ्या रूपात पुन्हा उभा राहतो.