जुन्या कॉम्प्युटरचं साउंड कार्ड कसं ओळखाल? नावावर जाऊ नका, चिपवरचा नंबर वाचा

सिल्वासा : ४८६ आणि पेंटियमच्या काळातले कॉम्प्युटर आता भंगारात वजनावर जातात. त्यातल्या कार्डांच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा असतो. तेवढ्यासाठी कार्ड तोडलं जातं, आणि मूळ कार्ड आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही. उलट बाजूने, जुने डॉस गेम खेळण्यासाठी हौसेने घेतलेलं कार्ड चुकीचं निघालं तर पैसे जातात आणि गेम मुकाच राहतो. सिल्वासा, वापी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात कोणाच्या माळ्यावर असा डबा पडून असेल, तर विकण्याआधी आणि विकत घेण्याआधीही पुढच्या गोष्टी बघून घ्या.

आधी कार्ड शोधा

गोल ३.५ मिमीची भोकं आणि १५ पिनांचा जॉयस्टिक पोर्ट असेल तर ते साउंड कार्ड. टेलिफोनच्या वायरीची चौकोनी भोकं असतील तर तो मोडेम. ऑफिसच्या जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा साउंड कार्ड नसायचंच, नुसता आतला बीप वाजवणारा स्पीकर असायचा. सीडी ड्राइव्ह आणि स्पीकरसकट ‘मल्टिमीडिया किट’ बसवलेल्या घरगुती मशीनमध्ये ते मिळण्याची शक्यता जास्त.

मग स्लॉट बघा

मदरबोर्डवरचा लांब, बहुतेक वेळा काळा स्लॉट म्हणजे आयसा. आखूड, पांढरा तो पीसीआय. आयसा कार्डाच्या पट्ट्या रुंद असतात, पीसीआयच्या बारीक. पेंटियम ४ च्या बहुतेक बोर्डांवर आयसा स्लॉटच नाही. त्यामुळे कार्ड घेण्याआधी आपल्या मशीनचं झाकण उघडून बघणं बरं.

नंबर कुठे असतो?

साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीच्या कार्डावर ‘सीटी’ आणि पुढे चार आकडे छापलेले असतात. १९८९ च्या पहिल्या साउंड ब्लास्टरवर सीटी १३२०, तर साउंड ब्लास्टर १६ च्या सुरुवातीच्या एका कार्डावर सीटी १७४० असतं. इतर कंपन्यांच्या कार्डांवर सगळ्यात मोठ्या चिपवरचा नंबर वाचा. धूळ पुसून, बॅटरी तिरकी धरली की अक्षरं दिसतात.

जुन्या आयसा कार्डात दोन वेगळी कामं चालतात. गोळीबार, बोलणं असे रेकॉर्ड केलेले आवाज एक भाग वाजवतो. गेमचं संगीत दुसरा भाग, म्हणजे एफएम चिप, जागेवर तयार करतो. यामाहाची वायएम ३८१२ (ओपीएल २) १९८७ च्या अॅडलिब कार्डावर होती. पुढची वायएमएफ २६२ (ओपीएल ३) स्टिरिओ आहे. डॉस गेमचं संगीत याच चिपांसाठी लिहिलेलं, म्हणून चिप बदलली की सूरही बदलतो.

फसगत होते ती नावात. ‘साउंड ब्लास्टर १६’ या एकाच नावाखाली काही कार्डांवर खरी ओपीएल ३ आहे, तर नंतरच्या काहींवर क्रिएटिव्हची स्वतःची नक्कल. १९९८ मध्ये क्रिएटिव्हने एन्सोनिक ही कंपनी घेतली. त्यानंतर एन्सोनिकची पीसीआय कार्डंही साउंड ब्लास्टर नावाने विकली गेली. डॉसमध्ये ती ड्रायव्हरच्या आधारानेच वाजतात, आणि काही गेम त्यावर चालतच नाहीत.

कुठल्या कामाला कुठलं कार्ड?

– ‘डेंजरस डेव्ह’ : कार्ड लागतच नाही, आतला स्पीकर पुरतो.
– ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या काळातले गेम : अॅडलिब किंवा साउंड ब्लास्टरशी जुळणारं कुठलंही चांगलं आयसा कार्ड.
– १९९१-९३ चे साउंड ब्लास्टर प्रोचे गेम : यामाहा वायएमएफ ७१९ किंवा ईएसएस १८६८. यामाहात खरी ओपीएल ३ आहे. ईएसएसमध्ये तिच्या जवळ जाणारी चिप आहे. दोन्ही साधी दिसतात, म्हणून दुर्लक्षित राहतात. साउंड ब्लास्टर १६ वर मात्र प्रोसाठी लिहिलेला स्टिरिओ आवाज मोनो होतो.
– १६ बिट आवाजाचे नंतरचे डॉस गेम : साउंड ब्लास्टर १६, किंवा १९९४ चं एडब्ल्यूई ३२. त्यात खऱ्या वाद्यांचे नमुने साठवलेले असतात.
– फक्त विंडोज ९८ : पीसीआय कार्ड चालेल. साउंड ब्लास्टर लाइव्ह उत्तम.

पैसे देण्याआधी

फुगलेले कपॅसिटर, हिरवट पडलेल्या पट्ट्या, उपटलेले जंपर बघा. हलका गंज खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, तुटलेली चिप मात्र दुरुस्त होत नाही. शक्य असेल तर दुकानदारासमोरच वाजवून घ्या, मग ते मुंबईचं लॅमिंग्टन रोड असो नाहीतर गावातलं भंगार दुकान. ४८६ च्या बोर्डावरची जुनी बॅटरी गळत असेल तर आधी काढा, तिचा रस बोर्ड खातो. आपल्याकडच्या पावसात कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

मेलेलं कार्ड जाळू नका, ॲसिडमध्येही टाकू नका. धूर आणि पाणी दोन्ही विषारी होतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. चालू कार्ड असेल तर त्याआधी नंबर वाचा आणि हौशी माणसाला विचारा. वजनावर विकलेलं कार्ड परत मिळत नाही.