विकराला जागा सापडते कशी? सिकलसेल आणि जनुकीय कात्रीची सत्तर वर्षं

येरमाळ्याला उभं राहून बोलायचं, तर सुरुवात चुन्याच्या रानापासूनच केली पाहिजे. येडाईच्या चैत्री यात्रेत लाखो माणसं या रानात चुनखडीचे खडे वेचतात. आता मला सांगा, काळ्या रानात पांढरा खडा आपण शोधतो कसा? प्रत्येक ढेकूळ काही उचलून बघत नाही. नजर आधी पांढऱ्या ठिपक्यावर ठरते, मग आपण वाकतो, हातात घेतो आणि खडा नसला तर टाकून देतो. आज ज्या कात्र्यांविषयी बोलायचं आहे, त्या डीएनएत आपली जागा साधारण अशाच शोधतात.

या कात्र्या म्हणजे एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना विकर म्हणतो. त्यांचा इतिहास मी सिकलसेल या आजाराच्या आधारानं सांगणार आहे, कारण तो आपल्या महाराष्ट्राचा प्रश्न आहे. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासी समाजांत झाली. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. आज गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार इथल्या कितीतरी घरांना हा आजार माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं फुटतील अशा वेदना होतात. आणि हे सगळं कशानं? हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक. 'ए'च्या जागी 'टी'. बस्स, एवढंच.

आता कात्रीकडे येऊ. १९५० च्या सुमारास एक गोष्ट लक्षात आली. एका जीवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूत नीट वाढेना. का? तर जीवाणू परक्या डीएनएचे तुकडे करतो, हे वर्नर आर्बर यांच्या कामातून पुढं आलं. १९७० साली हॅमिल्टन स्मिथ यांनी ठरावीक सहा अक्षरांची खूण ओळखून तिथंच कापणारं विकर वेगळं काढलं. डॅनियल नेथन्स यांनी त्यानं एका विषाणूचा डीएनए अकरा तुकड्यांत कापून दाखवला. १९७८ चं नोबेल या तिघांना मिळालं.

हे विकर वाचतं कसं? त्याला डोळे नाहीत. ते डीएनएला हलकं धरून सरकतं. जोडीच्या कडेला जे अणू उघडे असतात, ते त्याच्या खोबणीत बसतात का, एवढंच चाचपतं. कुलपात किल्ली बसली की विकराचा आकार बदलतो आणि मगच धार चालते. एक अक्षर चुकलं तर किल्ली फिरत नाही.

याचा उपयोग सिकलसेलला फार लवकर झाला बरं का! निरोगी जनुकात त्या जागी सी-सी-टी-जी-ए-जी-जी अशी सात अक्षरं असतात. 'एमएसटी-दोन' नावाचं विकर नेमकी ही खूण कापतं. सिकलसेलमध्ये मधला 'ए' जाऊन 'टी' आला की खूणच मोडते, विकर कापत नाही आणि तुकडा लांब राहतो. १९८२ साली यावरून गर्भातल्या बाळाचं निदान करता येऊ लागलं. म्हणजे कात्रीनं न कापणं हेच उत्तर ठरलं.

पण या कात्रीला एक मर्यादा होती. सहा अक्षरांची खूण सरासरी दर ४०९६ अक्षरांनी पुन्हा येते आणि माणसाच्या डीएनएत अक्षरं आहेत सुमारे ३२० कोटी! दुरुस्तीसाठी हवी एकाच जागी चालणारी कात्री.

ती पुन्हा जीवाणूंतच सापडली. १९८७ साली जपानमध्ये इशिनो यांना जीवाणूच्या डीएनएत एकाच मजकुराची चमत्कारिक पुनरावृत्ती दिसली. २००७ साली दह्याच्या विरजणातल्या जीवाणूंवर काम करणाऱ्यांनी दाखवलं, की ही जुन्या विषाणूंची नोंदवही आहे. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिये यांनी त्यातलं कॅस-नऊ हे विकर आपल्या मर्जीनं चालवता येतं हे सिद्ध केलं. २०२० चं नोबेल त्यांना मिळालं.

कॅस-नऊजवळ आरएनएची वीस अक्षरी चिठ्ठी असते. ते आधी फक्त 'जी-जी' ही दोन अक्षरं शोधतं. हा आपला पांढरा ठिपका. तो दिसला की शेजारची डीएनएची वेणी थोडी उकलतं आणि चिठ्ठीशी एकेक अक्षर जुळवत जातं. जुळलं तर दोन पाती, प्रत्येक धाग्याला एक, खुणेपासून तीन अक्षरांवर कापतात. नाही जुळलं तर सोडून पुढं. गंमत अशी, की खुणेजवळची चूक त्याला सहसा चालत नाही, पण लांबच्या टोकाची एखादी चूक ते खपवून घेतं. धोका तिथंच आहे. भलत्याच जागी काप बसू शकतो.

दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं दुसऱ्या जीवाणूचं, चुकीला कमी दाद देणारं कॅस-नऊ अभ्यासलं. त्यातूनच २०२० मध्ये कोविडची 'फेलुदा' चाचणी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरच्या उपचारासाठी हे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला.

परदेशात २०२३ साली मंजूर झालेला उपचार चुकलेलं अक्षर दुरुस्तच करत नाही. तो दुसऱ्याच एका जनुकाचं बटण कापतो. मग बाळपणीचं हिमोग्लोबिन, जे जन्मानंतर बंद होतं, ते पुन्हा सुरू होतं. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या डीएनएत निसर्गानंच असा एक बदल ठेवला आहे, त्यामुळं हे हिमोग्लोबिन त्यांच्यात थोडं जास्त राहतं. म्हणून आजार सगळ्यांनाच सौम्य होतो असं मात्र नाही. विदर्भातल्या डॉक्टरांनी गंभीर रुग्णही भरपूर पाहिले आहेत.

अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर आहे. वर कडक केमोथेरपी आणि अनेक आठवडे रुग्णालयात राहणं. धानोऱ्याच्या पोरीला हे कधी मिळणार? मला वाटतं, कात्री किती अचूक आहे याइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तोवर दोन गोष्टी हातात आहेत. एक, रक्ततपासणी, आणि तीही लग्नाआधी, न लपवता. २०२३ पासून देशभर त्याची मोहीम चालू आहे. दुसरी, हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त गोळी. तीही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. कार्ड लपवलं तर स्थळ जमेल, पण दोन वाहक एकत्र आले तर दर बाळामागं चारात एक धोका असतो. खडा पारखायला शिकणं आपल्याला जमतं. हेही जमलं पाहिजे.