आयांचं घर

आपल्या गटांतून पुण्या-मुंबईला 'चोवीस तासांच्या' कामाला जाणाऱ्या बाया आता बऱ्याच झाल्यात. मालकाच्या घरीच राहायचं आणि त्यांचं लेकरू सांभाळायचं. पगार बरा असतो, पण तक्रारी दोन्हीकडून येतात. बाई म्हणते, रात्रीची झोपसुद्धा मिळत नाही. मालकीण म्हणते, न सांगता गावाला निघून गेली. हे भांडण आजकालचं नाही, म्हणून आज जरा मागचं सांगते.

'आया' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पुढे इंग्रज साहेबांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला सगळे आया म्हणू लागले. लेकरू रात्रंदिवस तिच्याच अंगावर. ते इंग्रजीआधी तिची भाषा बोलायला लागायचं आणि मेमसाहेबांना ते खुपायचं. नोकरांशी कसं वागावं, यावर १८८८ च्या सुमारास फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी पुस्तकच लिहिलं. सांगितलेलं ज्याच्या लक्षात राहत नाही, त्या नोकराला एरंडेल पाजा, असाही उपाय त्यात आहे! डोकं चालत नाही म्हणजे पोटात बिघाड असणार, असा हिशेब. ऐकून हसू येतं, पण पिणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

खरी पंचाईत विलायतेला गेल्यावर व्हायची. कुटुंब बोटीनं निघालं की आयाबाई बरोबर. कित्येक दिवसांच्या त्या प्रवासात मुलं, त्यांच्या ओकाऱ्या, सामानसुमान, सगळं तिच्याकडे. लंडनला उतरलं की तिची गरज संपली. काही कुटुंबं परतीचं तिकीट द्यायची, काही द्यायची नाहीत. १९०८ साली एका आयाबाईला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर एक पौंड देऊन कामावरून काढून टाकलं होतं. परका मुलुख, ओळखीचं कुणी नाही, आणि काम गेलं त्याच घडीला डोक्यावरचं छप्परही गेलं.

अशा बायांसाठी लंडनमध्ये 'आयांचं घर' होतं. आधी ते ऑल्डगेट भागात होतं, १९०० पासून हॅकनी भागात. तेव्हापासून लंडन सिटी मिशन ते चालवायचं. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे सांगायला हवं. पण त्यांची तिकिटाची रीत मला फार आवडते. आयाबाईजवळ परतीचं तिकीट असेल तर ते घरात जमा करायचं. मग हिंदुस्थानात निघालेल्या आणि आया हवी असलेल्या दुसऱ्या कुटुंबाला ते विकायचं. त्या पैशातून तिचा तोपर्यंतचा राहण्या-जेवणाचा खर्च निघायचा आणि काम करत ती घरी परतायची. म्हणजे सगळा खेळ त्या तिकिटावर. ते ठरलेलं असलं तर बाई सुटली, नसलं तर अडकली.

आपल्याकडे १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. पगारवाढ मागितली, हक्काची रजा मागितली. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. पण त्यातल्या बहुतेकजणी संध्याकाळी आपल्या वस्तीत परतणाऱ्या होत्या. चार जणींशी बोलता यायचं, म्हणून संप जमला. घरात राहणारी बाई एकटी असते. संप करून ती बसणार कुठे?

२०११ साली जिनिव्हाला घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात या बाईचा वेगळा विचार आहे. आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी, सुट्टीच्या वेळी मालकाच्या घरातच थांबायची सक्ती नाही, आणि ओळखीची कागदपत्रं तिच्याच ताब्यात. आपल्या देशानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात मात्र २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची त्यात नोंदणी होते.

म्हणून कामाला निघण्याआधीच बोला. झोपायचं कुठे, रात्री लेकरू उठलं तर दिवसा विश्रांती कधी, सुट्टी कोणत्या वारी, काम सुटलं तर गावाच्या एसटीचे पैसे कुणी द्यायचे. आधारकार्ड आणि मोबाईल आपल्याकडेच ठेवायचा. आणि हो, मालकिणीचीही बाजू आहे. तान्हं बाळ घरात टाकून तिनं कामाला कसं जायचं? तेव्हा काम सोडायचं तर पंधरा दिवस आधी सांगेन, हेही त्याच कागदावर लिहा. दोघींच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत गटाच्या फाइलला लावून ठेवा.