चेतकपासून चार्जरपर्यंत : आपल्या पार्किंगची पंचवीस वर्षे

स्मरणिका समितीच्या बैठकीत विषय वाटले गेले, तेव्हा गणेशोत्सव, बाग, क्रीडास्पर्धा हे चांगले विषय आधीच संपले होते. माझ्या वाट्याला पार्किंग आलं. वाहनांचं रजिस्टर बरीच वर्षे माझ्याकडे असल्याने नाही म्हणायची सोय नव्हती. रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं आणि विषय बरा निघाला. आपण पंचवीस वर्षांत कसे जगलो, काय कमावलं आणि कशावरून भांडलो, ते सगळं त्यात आहे. गेल्या चार वर्षांत तर त्या रजिस्टरात एक नवा रकाना आखावा लागला : 'चार्जिंग'.

स्कूटरची वर्षे

सोसायटीची नोंदणी २००१ ची. पहिल्या पानावर ४८ सदनिका आणि चारचाकी फक्त पाच. बाकी सगळ्या दुचाकी, त्यांत बजाजच्याच जास्त. त्याचं कारण उघड आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने आले आणि आपल्यापैकी निम्म्या घरांच्या चुली त्या पट्ट्यावर पेटल्या.

थंडीत पहाटेच्या पाळीला निघणाऱ्याची चेतक लवकर सुरू होत नसे. मग ती बाजूला आडवी करायची, पुन्हा सरळ करायची आणि किक मारत राहायचं. कोण कितीला कामावर जातं हे तळमजल्यावरच्या लोकांना घड्याळाशिवाय कळायचं. आज तरुण मुलांना हे सांगितलं की त्यांना थट्टा वाटते.

त्याच २००१ मध्ये शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडाची ऑक्टाविया बाहेर पडू लागली. त्याच वर्षी बंगळुरूत 'रेवा' नावाची छोटी विजेची मोटार विक्रीला आली : दोन दारं, शिसे-आम्ल बॅटरी आणि एका चार्जिंगमध्ये साधारण ८० किलोमीटर. विजेची मोटार ही कल्पना मात्र फार जुनी. १९०० च्या सुमारास अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींपैकी जवळपास एक तृतीयांश विजेवर चालत. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, १९१२ मध्ये हँडल न फिरवता सुरू होणारी पेट्रोल मोटार आली आणि विजेची मोटार मागे पडली ती जवळजवळ शंभर वर्षांसाठी.

वीजच नव्हती

आपल्याकडे २००५ च्या आसपास कुणी 'विजेची गाडी घ्या' म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्या वर्षी जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, आणि तीच वर्षे भारनियमनाची. रोजचे तास ठरलेले. नळाला पाणी यायचं तेव्हा मोटार चालवायला वीज नसायची. वीज यायची तोवर पाणी गेलेलं असायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दोन कळश्या घेऊन जिन्यात बसून लिफ्टची वाट बघायच्या. जनरेटर घ्यावा की नाही यावर आपल्या दोन सभा मोडल्या होत्या, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

पुढे मे २०११ मध्ये शहराचं वीजवितरण जीटीएल या फ्रँचायझीकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा महावितरणकडे आलं. हळूहळू वीज टिकू लागली. घरोघरी एसी आले. मीटरच्या खोलीतल्या वायरी मात्र २००१ च्याच राहिल्या. एका घरात चार ट्यूबलाइट, एक फ्रीज आणि एक टीव्ही, असा हिशेब धरून त्या टाकल्या होत्या. पुढचं भांडण समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवा.

शहराची एक सवय

आपल्या शहराला एकत्र येऊन खरेदी करायची सवय आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. किंमत साधारण ६५ कोटी. देशभर गाजावाजा झाला. त्या दीडशेत आपल्या सोसायटीचं कुणी नव्हतं, पण मिरवणूक बघायला गेल्यासारखे सगळे त्यावर बोलत होते.

जुलै २०२१ मध्ये राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण जाहीर झालं. २०२५ पर्यंत राज्यात २,५०० सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचं उद्दिष्ट होतं. त्यांत मुंबईला १,५००, पुण्याला ५०० आणि आपल्या शहराला ७५. मग पुन्हा तीच सवय कामाला आली. 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' या नावाने उद्योजकांनी सामुदायिक नोंदणी केली आणि २०२२ मध्ये टाटा मोटर्सच्या १०१ विजेच्या मोटारी एकदम शहरात आल्या. त्याच वर्षी १ जूनला एसटीची विजेवरची 'शिवाई' पुणे-नगर मार्गावर धावली. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला याच मार्गावर निघाली होती.

पहिली हिरवी पाटी

आपल्या गेटमधून हिरव्या नंबरप्लेटची पहिली मोटार २०२२ च्या दिवाळीत आत आली. बी विंगमधल्या शिक्षक दांपत्याची. पेढे सगळ्यांनी खाल्ले. आठवड्याने त्यांनी चार्जिंग पॉइंटसाठी ना-हरकत मागितली आणि खरा विषय सुरू झाला.

पंचवीस वर्षांत कुणाच्या गाडीत काय भरलं जातं हा प्रश्न सोसायटीपुढे कधी आलाच नव्हता. पेट्रोल बाहेरच्या पंपावर ज्याचं त्याने भरायचं. विजेच्या गाडीचा पंप मात्र आपल्याच पार्किंगमध्ये. तिची वायर सगळ्यांच्या मीटरखोलीतून निघते, सगळ्यांच्या भिंतीवरून जाते. म्हणजे गाडी एका घरात आली, पण तिच्यासाठी ४८ घरांना विचारावं लागलं.

त्या सभेचं इतिवृत्त दप्तरात आहे. आक्षेप चार होते. आग लागली तर? सामायिक मीटरमधून वीज घेतली तर बिल कोणाचं? जुन्या वायरींवर भार झेपेल का? आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर? तळमजल्यावरचे काका सगळ्यांत जास्त बोलले. गाडी उभी राहायची ती जागा त्यांच्या खिडकीखाली होती. "तुमची गाडी रात्रभर जळत बसली तर आधी आम्ही जळायलोत," असं ते म्हणाले आणि काही जण हसले. हसायचं कारण नव्हतं. घरात अंथरुणाला खिळलेली आई असताना माणूस असंच बोलणार.

मार्ग काढला तो वीज खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या एका सभासदाने. सभासदाच्या नावाने महावितरणकडून स्वतंत्र मीटर, त्याला स्वतंत्र एमसीबी, नवीन अर्थिंग, वायर पाइपातून, आणि चार्जर खिडकीपासून दूर पलीकडच्या खांबावर. खर्च गाडीवाल्याचा. त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली, तिचं महत्त्व तेव्हा फार कुणाला वाटलं नाही. वायरीसाठी भिंतीवरून जो मार्ग करायचा तो एकाच वायरीपुरता करू नका, दहा वायरी बसतील एवढा रुंद करा, आणि वरचा खर्च सोसायटीने द्या. ठराव मंजूर झाला. आज ए आणि बी विंगमध्ये चार मोटारी चार्ज होतात. चौघांपैकी कुणालाही पुन्हा भिंत फोडावी लागली नाही.

आमच्या घरातली गाडी

या चारांतली तिसरी आमची, २०२३ मधली. मुलाने आणि सूनबाईने घेतली. सूनबाईंची नोकरी शेंद्र्याला, जाऊन-येऊन साधारण चाळीस किलोमीटर. महिन्याला हजारेक किलोमीटर होतात. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर दीडशे युनिटच्या आत काम भागतं. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर गाडी रात्रभर लागते, पण तिलाही रात्रीच झोपायचं असतं. घरातले रात्रीचे प्रश्न आता असे : गॅस बंद केला का, दूध झाकलं का, गाडी जेवली का? शेवटचा प्रश्न आमच्या मंडळींचा. नातू तर पायरीवरून ओरडतो, "आजी, जेवायलीय!"

काही सवयी बदलल्या. पूर्वी गाडी पोटभर पेट्रोल घेऊन निघायची, आता टक्के बघून निघते. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो की दौलताबाद-खुलताबादचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात आणि परतीच्या उतारावर एखाद-दुसरा टक्का परत मिळतो. मुलांना त्याचंच कौतुक जास्त. मे महिन्यात एसी लावला की पल्ला कमी होतो, आणि आपल्या गावात मे महिन्यात एसी न लावून चालत नाही.

पुण्याला लेकीकडे पूर्वी एका दमात जायचो. आता अहिल्यानगरजवळ चार्जिंगला थांबतो. एकदा एका ठिकाणचा चार्जर बंद निघाला, पुढच्या चार्जरपर्यंत घरातले सगळे गप्प बसून टक्के मोजत होते. तेव्हापासून निघायच्या आधी दोन जागा शोधून ठेवतो आणि धपाटे-दह्याचा डबा बरोबर घेतो. तो डबा थांब्यावर सगळे मिळून खातात. पूर्वी तो पुण्यात पोहोचून फ्रीजमध्ये जायचा.

एक गोष्ट मात्र सावध करणारी. गाडीला आवाज नाही. स्कूटरच्या काळात पार्किंगमध्ये लगोरी खेळणारी मुलं आवाज ऐकून बाजूला व्हायची. ही गाडी मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही. म्हणून गेटपासून हळू चालवायचं आणि वळणावर हॉर्न द्यायचा असा नियम केला आहे. तो सर्वांनी पाळावा, आमच्या घरच्यांनीही.

सी विंगचा प्रश्न

इतिहास लिहायला सांगितला होता, पण तो अजून पूर्ण झालेला नाही. सी विंगच्या १६ सदनिकांना पार्किंग उघड्यावर आहे. तिथे भिंत नाही, खांब नाही. विजेच्या स्कूटर असलेले तिथले सभासद बॅटरी काढून लिफ्टने घरी नेतात. मोटार घ्यायची तर चार्जरच नाही. त्यासाठी गेटजवळ एक सामायिक चार्जर, वेगळ्या मीटरचा, जो वापरेल त्याने युनिटप्रमाणे पैसे द्यायचे, असा प्रस्ताव आहे.

त्याला विरोध आहे आणि तो वेडगळ नाही. "उन्हाळ्यात टँकरला पैसे पुरत नाहीत, आधी पाण्याचं बघा," असं म्हणणारे सभासद खरंच टँकरच्या रांगेत उभे राहिलेले आहेत. त्या जागेवर आज सहा दुचाकी लागतात, त्या कुठे जाणार हाही प्रश्न आहे. पण चार घरांसाठी मार्ग करताना आपण दहांची सोय पाहिली होती. ती ए आणि बी विंगपुरतीच राहिली, तर पुढच्या दहा वर्षांत एकाच सोसायटीत दोन तऱ्हेचे सभासद होतील. बिडकीनला एथरने विजेच्या दुचाकींचा आणि टोयोटाने हायब्रीड व विजेच्या मोटारींचा कारखाना २०२४ मध्ये जाहीर केला आहे. वाळूजच्या पगारावर जशा स्कूटर आल्या, तशा बिडकीनच्या पगारावर आपल्या मुलांच्या घरी या गाड्या येतील. त्या मुलांपैकी काही सी विंगमधली आहेत.

माझं मत प्रस्तावाच्या बाजूने आहे. खर्च टँकर निधीतून न घेता स्वतंत्र वर्गणीतून व्हावा आणि दुचाकींची पर्यायी जागा आधी आखून द्यावी, या दोन अटींवर. तीन दरपत्रकं सूचना फलकावर लावली आहेत. सभेला येण्यापूर्वी ती वाचावीत. सी विंगच्या सभासदांनी तर नक्की यावं, आणि तळमजल्यावरच्या काकांनीही. मागच्या वेळी त्यांनी विचारलं म्हणूनच चार्जर योग्य खांबावर लागला.