गोरी, गव्हाळ, सावळी: रंगभेद म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतं?

लग्नाच्या बायोडेटात शिक्षण, उंची आणि रक्तगटाच्या रांगेत ‘वर्ण’ असा एक रकाना असतो. मुलाच्या बाबतीत तो रिकामा राहिला तरी सहसा कुणी विचारत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र तिथे काहीतरी लिहावंच लागतं, आणि सावळ्या मुलीचे आईवडील बऱ्याचदा तिथे ‘गव्हाळ’ लिहितात. बडनेरा असो, अकोला असो की पुणे, या एका शब्दामागे काय दडलेलं असतं ते समजून घेऊ.

वंशभेद आणि रंगभेद यांत फरक काय?

एका वंशाच्या माणसांनी दुसऱ्या वंशाच्या माणसांना कमी लेखणं हा वंशभेद. रंगभेद त्याहून जवळचा असतो. तो एकाच समाजात, एकाच जातीत, अगदी दोन सख्ख्या बहिणींमध्येही केला जातो. यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘कलरिझम’ हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांच्या १९८०च्या दशकातल्या लेखनातून रूढ झाला.

कृष्णवर्णीय स्त्रियांना हे दोन्ही भेद सोसावे लागतात. बाहेरचे लोक वंशावरून हिणवतात आणि स्वतःच्या समाजातही उजळ रंगाला, सरळ केसांना जास्त मान मिळतो. नैसर्गिक कुरळ्या केसांवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्निया राज्याला २०१९ मध्ये कायदा करावा लागला.

भारतही यातून सुटलेला नाही. २०१६ मध्ये बंगळुरूत जमावाने टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला मारहाण केली. एका सुदानी तरुणाच्या गाडीने अपघात झाला होता. या मुलीचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. जमावाने पाहिला तो फक्त रंग.

त्वचेचा रंग कशावरून ठरतो?

त्वचेतल्या विशिष्ट पेशी मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करतात. या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. ते बरंचसं जनुकांवर ठरतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी इतरांसोबत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भारतीयांच्या रंगातल्या फरकाशी एका जनुकातल्या छोट्याशा बदलाचा मोठा संबंध असल्याचं दिसलं. मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्वचेचं रक्षण करतं. वऱ्हाडातल्या उन्हात ते उपयोगाचंच आहे. कोणतंही क्रीम जनुकं बदलू शकत नाही.

मग बाजार कसा चालतो?

भारतात ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आलं. गोरी झाली की नोकरी मिळते, स्थळ येतं, अशी गोष्ट अशा जाहिरातींनी वर्षानुवर्षं सांगितली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने (अ‍ॅस्की) सावळ्या व्यक्तीला दुःखी, अपयशी किंवा कमी आकर्षक दाखवू नये, असे नियम केले. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर जगभर आंदोलनं झाली आणि कंपनीने क्रीमचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली. नावं बदलली, बायोडेटातला रकाना राहिला.

अकोल्यात काय घडलं?

अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं प्रकरण २०२३च्या सुरुवातीला बातम्यांतून पुढे आलं. तिघी स्थानिक पातळीवर मिळालेलं एकच फेस क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला.

पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवसांत उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, चेहरा आणि पाय सुजतात. सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालायला भारतात मनाई आहे.

दुसरा धोका स्टेरॉइड असलेल्या मलमांचा. त्यांनीही आधी उजळपणा येतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ उठतं, नको तिथे केस येतात आणि मलम थांबवलं की आग होते. यातली अनेक मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

रंगावरून टोमणे मारणं गुन्हा आहे का?

याचं उत्तर सरळ नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या १९९८ मधल्या आत्महत्येच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पतीला निर्दोष सोडलं. काळ्या रंगावरून टोमणे मारणं हा घरगुती कलह ठरतो, फौजदारी कायद्यातल्या क्रूरतेइतका तो गंभीर नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

मात्र २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, कुचेष्टा आणि नावं ठेवणं हा शाब्दिक व भावनिक छळ मानला आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.

काय लक्षात ठेवावं?

- डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसेल तर ते क्रीम घेऊ नका.
- ‘आठ दिवसांत गोरेपणा’ असा दावा असेल तर पारा किंवा स्टेरॉइडची शंका घ्या.
- असं क्रीम वापरताना सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवा, डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीची तपासणी करा. स्टेरॉइडचं मलम मात्र डॉक्टरांना विचारून बंद करा.
- संशयित क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. तिथून दर आषाढीला पालखी पंढरपूरला जाते, ती सावळ्या विठ्ठलाच्या भेटीला. देवाच्या बाबतीत जो रंग आपण कौतुकाने सांगतो, तोच मुलीच्या बायोडेटात लपवावा लागतो. घरातल्या पुढच्या बायोडेटात ‘वर्ण’ हा रकाना न ठेवणं, ही सुरुवात कोणत्याही कुटुंबाला करता येईल.