प्युरिटन लेव्हरेट आणि गुलामांचे जहाज

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असते. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने 1936 साली बाबासाहेबांना बोलावले आणि मजकूर पाहून सभाच रद्द केली, तेच हे भाषण. राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे पटवताना बाबासाहेब त्यात इंग्लंडच्या प्युरिटन पंथाचा दाखला देतात. राजकीय स्वातंत्र्य प्युरिटन चळवळीमुळे आले, अमेरिकेची वसाहतही त्याच चळवळीने उभी केली, असे त्यांचे म्हणणे. ही ओळ आम्ही सभांमधून अनेकदा ऐकली आहे. पण हे प्युरिटन होते कोण, आणि त्यांनी मिळवलेले स्वातंत्र्य नेमके कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न पुढे विचारला जात नाही. बाबासाहेबांचे वाक्य खरे आहे. ते खरे मानूनच आम्हाला एका प्युरिटनाचे चरित्र तपासायचे आहे.

जॉन लेव्हरेट. जन्म 1616, इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या बोस्टन गावात. बाप थॉमस तिथला वजनदार माणूस आणि जॉन कॉटन या प्युरिटन धर्मोपदेशकाचा निकटवर्ती. राजा पहिला चार्ल्स आणि त्याचे बिशप प्युरिटनांना छळत होते. प्रार्थना कशी करायची हे राजा ठरवणार, आणि जो ऐकणार नाही त्याला शिक्षा. तेव्हा 1633 मध्ये हे कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गेले. पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. म्हणजे छळ म्हणजे काय हे या माणसाने पुस्तकात वाचलेले नव्हते.

नव्या बोस्टनमध्ये तो जहाजांवरचा व्यापार करू लागला, लष्करी तुकडीतही दाखल झाला. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले तेव्हा हा व्यापारी परत गेला आणि राजाच्या विरोधात लढला, तोही थॉमस रेन्सबरो याच्या पलटणीत. हे नाव आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. 1647 मध्ये लंडनजवळच्या पटनी गावातल्या चर्चमध्ये सैनिकांची वादसभा भरली. इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरीब माणसालाही थोरामोठ्यांसारखेच जगायचे असते, म्हणून त्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर राज्य करता येणार नाही, असे रेन्सबरो तिथे उभे राहून म्हणाला. मतदान मालमत्तावाल्यांपुरतेच ठेवा म्हणणारा आयर्टन त्याच्या समोर होता. त्या सभेच्या वेळी लेव्हरेट तिथे नव्हता. पण ज्या फौजेत हा विचार शिजला, त्याच फौजेचा तो माणूस.

फौजेतून परतल्यावर त्याची चढती कमान सुरू झाली. वसाहतीच्या विधिमंडळात तो निवडून गेला. 1654 मध्ये क्रॉमवेलच्या हुकमाने डचांवर चालून जाण्यासाठी निघालेली मोहीम वाटेत तह झाल्याने फ्रेंचांच्या अकेडियावर वळली, आणि जिंकलेल्या मुलखाचा कारभार लेव्हरेटकडे आला. तिथल्या व्यापारावरही त्याने लगेच मक्तेदारी बसवली. तलवार आणि तराजू एकाच हातात! पुढे 1662 पर्यंत तो लंडनमध्ये वसाहतीचा वकील म्हणून राहिला. तो तिथे असतानाच, 1660 मध्ये, बोस्टनच्या प्युरिटनांनी मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईला फाशी दिली. गुन्हा एवढाच की तिची श्रद्धा वेगळी होती आणि हद्दपार करूनही ती परत आली. धार्मिक छळाला कंटाळून घरदार सोडलेल्यांनी तीस वर्षांत स्वतःचा फास तयार केला होता. लेव्हरेट त्या मानाने मवाळ, हे मान्य करायला हवे. तो गव्हर्नर असताना बाप्टिस्ट पंथीयांना बरीच मोकळीक मिळाली.

1673 पासून मरेपर्यंत तो गव्हर्नर होता. राजाचा दूत एडवर्ड रँडॉल्फ 1676 मध्ये बोस्टनला आला, तेव्हा राजाचे पत्र वाचले जात असताना लेव्हरेटने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नाही. राजा आणि पार्लमेंटचे कायदे आमच्या हिताचे असतील तेवढेच आम्हाला लागू, असा त्याचा सूर होता. ही गोष्ट अमेरिकन इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. कौतुक आम्हालाही आहे. पण त्याच वर्षीचा दुसरा कागद त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय ते कौतुक पुरे होत नाही.

त्या कागदाची पार्श्वभूमी अशी. 1675 च्या जूनमध्ये वाम्पानोआग जमातीचा प्रमुख मेटाकॉम याने वसाहतींविरुद्ध शस्त्र उचलले. इंग्रज त्याला किंग फिलिप म्हणत. 1620 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उतरलेल्या उपाशी इंग्रजांना याच मेटाकॉमच्या बापाने सांभाळून घेतले होते. पन्नास वर्षांत जमीन गेली, शिकारीचे रान गेले, न्यायनिवाडाही इंग्रजांच्या कोर्टात गेला. मग युद्ध झाले आणि ते मूळनिवासी हरले. 1676 च्या ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचे मुंडके प्लिमथ गावात खांबावर टांगले, ते वीस वर्षांहून अधिक काळ तिथेच होते. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचे काय करायचे यावर धर्मगुरूंनी बायबलमधून आधार काढून खल केला. ठार मारावे असे म्हणणारेही होते. शेवटी पोराला विकले. मनुस्मृती उघडून निवाडा देणारे पंडित आम्हाला नवे नाहीत. ग्रंथ बदलला, पद्धत तीच.

आता तो कागद. 1676 च्या सप्टेंबरमध्ये ‘सीफ्लॉवर’ नावाचे जहाज बोस्टनहून निघाले. त्यात मॅसॅच्युसेट्सचे सुमारे 70 मूळनिवासी बंदी होते, पुरुष आणि बायका. हे लोक कायमच्या गुलामगिरीला पात्र ठरले आहेत, त्यांना कुठेही विकता येईल, असा दाखला जहाजाच्या कप्तानाला देण्यात आला. खाली सही गव्हर्नर जॉन लेव्हरेटची. त्यात बेकायदा काहीच नव्हते. ‘न्याय्य युद्धात’ पकडलेल्यांना गुलाम करता येईल, अशी तरतूद वसाहतीच्या 1641 च्या कायद्यात होतीच, आणि त्या कायद्याचे नाव होते स्वातंत्र्यांची संहिता. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे ठरवणारेही तेच.

त्या काळी सगळेच असे वागत, असे इथे कोणी म्हणेल. आमचे उत्तर त्याच काळातले आहे. जॉन एलियट नावाच्या प्युरिटन धर्मोपदेशकाने 1675 च्या ऑगस्टमध्ये लेव्हरेट आणि त्याच्या मंडळाला लेखी अर्ज दिला होता. माणसांचे आत्मे पैशासाठी विकणे हा घातक व्यापार आहे, हे थांबवा, असे त्याने बजावले. तेव्हा लेव्हरेटला माहीत नव्हते, ही पळवाट बंद आहे. कळवले होते, वर्षभर आधी.

आणि जे मूळनिवासी ख्रिस्ती झाले होते, त्यांचे काय? आमच्या दृष्टीने हा या चरित्रातला सर्वांत बोचरा भाग आहे. त्यांनी प्रभू स्वीकारला, केस कापले, इंग्रजी कपडे घातले आणि नेमून दिलेल्या वेगळ्या गावांत राहू लागले. युद्ध सुरू होताच त्यांनाच संशयित ठरवून 1675 च्या ऑक्टोबरपासून बोस्टन बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन टाकले. सुमारे 500 माणसे, उघडे बेट, ऐन हिवाळा. परवानगीशिवाय बेट सोडले तर मृत्यू, असा हुकूम होता. थंडीने आणि उपासमारीने अनेक मेले. मालकाचा देव घेतला म्हणून मालकाच्या पंगतीत जागा मिळत नाही, हे त्यांना त्या बेटावर कळले. भारतातल्या अस्पृश्य ख्रिश्चनांना चर्चमध्येही वेगळे बसावे लागते, याची चिकित्सा बाबासाहेबांनी केली होती. समतेची हमी कोणता धर्म देतो हे त्यांनी वर्षानुवर्षे पारखले आणि मगच 1956 चा निर्णय घेतला.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना. अमेरिकेतले कोण आपले, हे त्यांनी फार आधी निवडून ठेवले होते.

लेव्हरेट 1679 मध्ये मेला. एलियटने मूळनिवाशांच्या भाषेत केलेले बायबल 1663 मध्ये छापले गेले, तेव्हा त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत निपमक जमातीचा एक तरुण होता. इंग्रज त्याला जेम्स प्रिंटर म्हणत. युद्धात खुनाच्या खोट्या आरोपावरून त्याला गळ्यात दोर बांधून बोस्टनला आणले होते. आरोप टिकला नाही, तो जगला आणि पुन्हा छापखान्यात कामाला लागला. बायबलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तो मजकूर समजून जुळवू आणि तपासू शकणारा हाच एक माणूस आहे, असे एलियटने कळवले. 1709 मध्ये बोस्टनला त्याच भाषेत स्तोत्रांचे पुस्तक निघाले, आणि मुद्रक म्हणून इंग्रजाच्या नावाबरोबर जे. प्रिंटर हे नाव छापले गेले. हार्वर्ड कॉलेजचा प्रमुख त्या वर्षी लेव्हरेटचा नातू होता. त्याचेही नाव जॉन लेव्हरेट.