कागदाची पत

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या यवतमाळकडच्या अडत दुकानांत अजूनही लाल बांधणीची कोरी वही पाटावर मांडतात. वर्षभराचा हिशेब संगणकात चालतो, हे पूजा करणाऱ्यालाही ठाऊक असते. संगणकालाही कुंकवाचे एक बोट लागते म्हणा. पण पाटावरचा मान वहीचा. माल एका गावी, पैसा दुसऱ्या गावी, आणि दोहोंमध्ये विश्वास ठेवायचा तो कागदावर, असाच आपला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

हल्ली वर्तमानपत्रांतून ‘ब्लॉकचेन’ आणि ‘टोकन’ हे शब्द वारंवार भेटतात. कंपनीचा शेअर, कर्जरोखा, गोदामातला माल, कशाचीही मालकी लहान लहान हिश्श्यांत पाडायची, प्रत्येक हिश्श्याची एक संगणकी खूण करायची आणि ती खूण हातोहात विकायची, अशी ही कल्पना. २०१८ साली जागतिक बँकेने ऑस्ट्रेलियात ११ कोटी तिकडच्या डॉलरांचे रोखे या रीतीने काढले. आता तर हाच धंदा करणाऱ्या पेढ्या देशोदेशी निघाल्या आहेत. हे सारे वाचताना मला आपली हुंडी आठवली.

हुंडी लिहिणारे आपले पूर्वज मोठे सावध. शंभर रुपये लिहायचे तर नुसते शंभर लिहून थांबत नसत; ‘निमे पन्नास, त्याचे दुप्पट’ असेही लिहीत, म्हणजे वाटेत कोणी एक शून्य वाढवले तर लबाडी तिथेच उघडी पडावी. हुंडी हरवली तर तिची ‘पेठ’ निघे, पेठ हरवली तर ‘परपेठ’. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात ज्याची पत आहे अशा शहालाच मिळत. कुठे पडलेली हुंडी उचलून कोणी उपरा दुकानाची पायरी चढला, तर त्याला पाणी मिळाले असेल, पैसे नाहीत.

पण हुंडी पैशाची होती. मालाच्या आणि मालमत्तेच्या कागदाची गोष्ट निराळी, आणि ती कापसाच्या मुलुखाला चांगलीच ठाऊक आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासूनच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेले. मुंबईत कापसाचा पैसा इतका ओसंडला की तो गुंतवायला शेअरांचे कागद अपुरे पडू लागले. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांवर लोक तुटून पडले. मौज पाहा, जमीन पाण्याखाली आणि तिचे हिस्से बाजारात! प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँक पैसे मोजीत होती. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकवायचा दिवस उगवला तेव्हा चुकवायला कोणाजवळ काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांवर चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांना निघाला. प्रेमचंदांनी आपल्या आईच्या नावाने ज्याला पैसा दिला तो राजाबाई टॉवर अजून उभा आहे; मुंबईस गेलेला वऱ्हाडी माणूस मान वर करून त्याचे घड्याळ पाहतो, पण त्या पैशामागे आपला कापूसही होता हे त्याला कोणी सांगत नाही.

त्याच धामधुमीत कापसाच्या गाठींत सरकी, माती आणि पाणीही जाऊ लागले. १८६३ साली मुंबई सरकारला या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. बॅकबेचा कागद बनावट नव्हता. कंपनी होती, सही होती. गाठीचा कागदही बनावट नव्हता, गाठ होती. खोट होती ती आत.

या दुखण्यावर उपाय निघाला तो बाजाराच्या ओट्यावर. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. दलालाला कळे, व्यापाऱ्याला कळे, ज्याचा माल त्याला मात्र कळत नसे. १८८६ साली कारंज्याला, म्हणजे आमच्या दारव्ह्याच्या शेजारीच, देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा आला. दलाल आणि मापारी परवान्याखाली आले. आमच्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ चे. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ही त्याच सुमाराची, आणि तीसुद्धा कापसासाठीच. सारी रेल्वे सरकारची झाली तरी हिची मालकी एका खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी आमची, भागीदार कुठले कोण! आता ती बंद पडली आहे. असो.

मुंबईच्या शेअरबाजारातला कागद १९९६ च्या कायद्यानंतर हळूहळू नाहीसा झाला आणि शेअर संगणकी खात्यात जमा होऊ लागले. पण ते खाते एका ठिकाणी राहते. ब्लॉकचेनमध्ये तीच वही अनेकांच्या दुकानांत एकाच वेळी लिहिली जाते. आपल्या रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाची बेरीज आणतात ना, तसे तिथे प्रत्येक पानावर मागच्या पानाचा सारांश गुंफलेला असतो. मागचा एक आकडा खोडला की पुढची सगळी पाने बिघडतात, आणि इतरांच्या वह्या साक्षीला असतात. निमे आणि दुप्पट लिहिणाऱ्या मुनिमाला ही युक्ती समजायला वेळ लागला नसता.

तिचा उपयोग आमच्या दारापर्यंत आला आहे. २०२० च्या सुमारास राज्य वखार महामंडळाने गोदामाच्या पावत्या अशा साखळीवर घेतल्या. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर घरात येते आणि त्याच वेळी भाव पडतो. कृषिकेंद्राची उधारी, मुलीचे माहेरपण, रब्बीचे बियाणे, सगळे एकदम उभे राहते. माल गोदामात ठेवला, पावती बँकेत गहाण टाकली, तर चार महिने थांबता येते. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून हेच करीत आली. किमतीच्या पाऊणपट कर्ज, सहा टक्के व्याज. पण कागदी पावतीचा धोका असा की एकच पावती दोन ठिकाणी गहाण पडू शकते, आणि त्या भीतीने बँक हात आखडता घेते. साखळीवरची पावती दोनदा गहाण पडत नाही. आमच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या नव्या पेढ्यांच्या साऱ्या जाहिरातींपेक्षा ही एक गोष्ट मोठी आहे.

गेल्या हंगामात असे एक गोदाम मी पाहून आलो. तिथला तरुण कारकून पोत्यात लोखंडी नळी खुपसून सोयाबीनचे दाणे काढी, यंत्रात घाली आणि ओलाव्याचा आकडा भ्रमणध्वनीत भरी. एकदा भरला की तो आकडा कोणालाही पुसता येत नाही, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. शेजारी उभा असलेला म्हातारा शेतकरी हे ऐकत होता. तो म्हणाला, ‘‘भाऊ, मग भरायच्या आधी त्या खालच्या पोत्यातलंबी पाहून घ्या न.’’

‘‘बरं, काका,’’ म्हणून तो पोरगा उठला. थप्पीतले खालचे पोते त्याने ओढून काढले. त्याचा आकडा दोनांनी कमी आला. मग त्याने तिसरे पोते काढले, चौथे काढले, पाठीमागच्या कागदावर पेन्सिलीने बेरीज मांडली, चाराने भागिले, म्हाताऱ्याला वाचून दाखवले, आणि त्यानंतर तो आकडा भरला.